इंडलिनक्स : उपनगरांतल्या एका सार्वजनिक उद्योगाची हकीकत

संगणकाला 'कि' लिहिता येत नव्हते, येथून ही हकीकत सुरू होते.

आपण 'कि' लिहितो तेव्हा वेलांटी आधी काढतो. उच्चारतो मात्र 'क' आधी. आज्ञावलीत अक्षरे साठवावयाची ती उच्चाराच्या क्रमाने, आणि पडद्यावर उमटवावयाची ती लेखनाच्या क्रमाने. त्यातच 'र्क'मधला रफार पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' तर मूळ घटकांची ओळखही ठेवीत नाहीत. इंग्रजी गृहीत धरून घडवलेल्या यंत्राला एक खूण म्हणजे एक आकृती, एवढेच ठाऊक. त्यामुळे प्रत्येक फाँटवाल्याने आपापली युक्ती लढवली आणि आपापले संकेत ठरवले. एका फाँटात जुळवलेला लेख दुसऱ्यात उघडला की पडद्यावर मुंग्या सांडत. दिवाळी अंकांच्या संपादकांना हे सांगावयास नको. त्यांतल्या पुष्कळांनी या मुंग्या रात्ररात्र वेचल्या आहेत.

युनिकोडच्या कोष्टकात देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती. परंतु कोष्टकात जागा मिळणे निराळे आणि पडद्यावर अक्षर नीट बसणे निराळे. त्याच वर्षी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची सामग्री त्याला येऊन मिळाली आणि संगणकाची एक संपूर्ण कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सर्वांच्या मालकीची झाली. ती कोणीही उघडून पाहावी, दुरुस्त करावी, वाटावी. मग तिला हिंदी-मराठी शिकवावयास कोणाची परवानगी हवी?

१९९९-२००० च्या सुमारास मुंबईत प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स'चा प्रारंभ केला, तो याच प्रश्नातून. पुढे करुणाकर गुंटुपल्ली यांनी तांत्रिक बाजूचा भार उचलला. भांडवल असे फारसे नव्हतेच. होती ती माणसांच्या फावल्या वेळाची वर्गणी. आपल्या उपनगरांतले गणेशोत्सव आणि वाचनालये ज्या बळावर उभी राहिली तेच हे बळ. फरक इतकाच की येथे मंडपाच्या ठिकाणी आज्ञावली होती.

या उद्योगाला शेजारही चांगला लाभला. जुहूच्या गुलमोहर रस्त्यावर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी ही सरकारी संस्था होती. तेथे 'इंडिक्स' या नावाने याच प्रश्नावर निराळ्या वाटेने काम चालले होते. लिनक्सवरची चित्रे आणि अक्षरे ज्या 'एक्स' नावाच्या थरातून पडद्यावर येतात, त्या थरालाच देवनागरी शिकवावी, म्हणजे वरच्या साऱ्या आज्ञावल्यांना ती आपोआप येईल, असा तो विचार. विचार सुंदर खरा. पण पायाच बदलला की मूळ पायाची नवी आवृत्ती निघताच आपली दुरुस्ती पुन्हा बसवावी लागते. उलट नोम या डेस्कटॉपच्या मंडळींनी अक्षरजुळणीचे काम 'पँगो' नावाच्या वरच्या थरात ठेवले आणि जगातल्या सर्व लिप्यांसाठी एकच घर बांधले. इंडलिनक्सने हीच वाट धरली आणि तीच टिकली.

जुहूच्या त्याच संस्थेत र. कृ. जोशी होते. पवईच्या आयआयटीत त्यांनी अनेक वर्षे अक्षरकला शिकवली होती. कवी म्हणूनही मराठी वाचक त्यांना ओळखतो. विंडोज २००० बरोबर घरोघर गेलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा. आणि एनसीएसटीने मुक्त परवान्याखाली देऊन टाकला तो 'रघू' हा फाँटही त्यांच्याच देखरेखीखाली घडलेला. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरीचे खिळे पाडले त्या गोष्टीला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. पण ज्याच्या हाती खिळे त्याच्या हाती छापखाना, हा न्याय बदलला नव्हता. 'रघू' मिळाला आणि इंडलिनक्सच्या हाती खिळे आले.

मी तेव्हा मुलुंडला राहत होतो. एका स्नेह्याने लिनक्सच्या हिंदी पडद्याची तबकडी आणून दिली. आमच्या जुन्या संगणकाने ती तासभर चघळली. मग पडद्यावर देवनागरीत यादी उतरली, आणि 'कि'ची वेलांटी आपल्या जागी होती! मोडेम मात्र तिला शेवटपर्यंत ओळखता आला नाही. इंटरनेट नाही, छपाईयंत्र रुसलेले, आणि तरीही आम्ही दोघे संध्याकाळभर त्या याद्या वाचीत बसलो. 'सेव्ह'ला काय म्हणावे, 'जतन करा' की 'साठवा', यावर चहाचे तीन कप झाले. असा वाद घालता येतो, आणि घातला तर शब्द खरोखर बदलतो, ही जाणीव मला नवी होती.

मग हे ओसरले कसे? जगात असे प्रकल्प बहुधा भांडणाने वा दिवाळ्याने मोडतात. फ्रान्सच्या मँड्रिव्हातून २०१० साली कार्यकर्ते फुटून माजिया निघाले, आणि २०१५ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली. येथे तसे काही घडले नाही. इंडलिनक्सचे काम मूळ प्रवाहातच मिसळत गेले. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' फाँट मुक्त केले आणि पुण्याच्या तिच्या कचेरीत भाषांतराला पगारी माणसे बसली. एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकच्या चेन्नईच्या मंडळींनी २००७ साली डेबियनच्या आधारे 'बॉस' ही सरकारी कार्यप्रणाली काढली. ज्यासाठी मंडळ जमले ते काम वेगवेगळ्या कार्यालयांत वाटले गेले, आणि संध्याकाळी जमणाऱ्यांना जमण्याचे कारण उरले नाही.

पगारी माणसांना दोष देणे अन्यायाचे होईल. फावल्या वेळाने पुरे होणार नाही इतके काम त्यांनी केले. शिवाय फावला वेळ टिकतो किती? लग्ने झाली, नोकऱ्या बंगळुराला आणि अमेरिकेला गेल्या. बाकीचे काम मोबाइलने केले. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे बोरिवलीच्या गाडीत लटकणाऱ्या माणसाच्या खिशातही आज लिनक्स आहे आणि त्यावर मराठी निर्वेध उमटते. इंडलिनक्सने मागितले होते त्याहून हे अधिकच. पण त्या मराठीतला एखादा शब्द खटकला तर मुलुंडच्या चहाच्या टेबलावर तो बदलता येत नाही. 'साठवा'च्या जागी 'सेव्ह करा' येते, आणि ते कोणी ठरवले हे आपल्याला कळत नाही. यश आले, शब्दावरचा हक्क मात्र त्या यशाबरोबर हातातून गेला. हा व्यवहार तोट्याचा म्हणावा की नाही, माझे मला ठरवता आलेले नाही.

र. कृ. जोशी २००८ साली गेले. परवा घाटकोपरला एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टंकून घ्यावयास गेलो होतो. तेथल्या मुलाने न विचारताच 'मंगल' निवडला. मी त्याला फाँटांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवावयास लावली. 'रघू' तीत नव्हता.