अवकाशीय ध्वनिनिर्मिती, संगणकीय

ध्वनी विशिष्ट दिशेने व अंतरावरून येत असल्याचा भास श्रोत्यास व्हावा, अशा रीतीने संगणकाने तत्क्षणी केलेली ध्वनीची घडण. एका बाजूचा ध्वनी दोन कानांशी पोहोचण्यात फार तर सु. ०·७ मिलिसेकंदाचा फरक पडतो. तेवढ्यावरूनही मेंदू दिशा ओळखतो.

सभागृहातील ध्वनीचा मार्ग प्रकाशकिरणांप्रमाणे आखून मोजण्याची पद्धत क्रॉकस्टॅड, स्ट्रॉम व सॉर्सडाल या नॉर्वेतील संशोधकांनी १९६८ मध्ये मांडली. पुढे १९९०–२००० या दशकात संगणकीय खेळांसाठी ऑरियलसारख्या कंपन्यांनी खास साउंड कार्डे काढली. तथापि ऑरियलचे २००० मध्ये दिवाळे निघाले आणि २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने अशा कार्डांकडे जाणारा जुना थेट मार्गही बंद केला. योगायोग असा की, त्याच वर्षी एनव्हिडियाच्या कूडा प्रणालीमुळे ग्राफिक्स कार्डावर चित्राखेरीज इतर गणितेही सुलभ झाली. एकाच प्रकारची असंख्य गणिते एकाच वेळी करणे हे तर या कार्डाचे मूळचेच काम.

परंतु ध्वनी म्हणजे प्रकाश नव्हे. १०० हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी हवेत सु. ३·४ मी. असते, तो खांबाला वळसा घालून जातो, हे किरणांच्या साध्या गणितात येत नाही. विजापूरच्या गोलघुमटातील कुजबूज वक्र भिंतीवर पुनःपुन्हा परावर्तित होत पलीकडे पोहोचते. दोन-चार परावर्तनांवर थांबणारी गणना तिला मुकेल. म्हणून रवीश मेहरा, निकुंज रघुवंशी प्रभृतींनी २०१२ मध्ये ग्राफिक्स कार्डावर प्रत्यक्ष तरंग-समीकरणच सोडविले. ही गणना अधिक अचूक, पण तत्क्षणी होणारी नव्हती. चित्रातील एखादी चौकट चुकली, तर डोळा ती बहुधा सोडून देतो. ध्वनीत क्षणाचा खंडही कानास खटकन जाणवतो.