थांबण्याची ऐपत : सांगलीच्या हळदीचा मागोवा

हळद आज विकावी की भाव चढेपर्यंत ठेवावी, या निर्णयाचा माग काढत आपण सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णेच्या काठी जाऊ. तिथल्या घट्ट मातीत खणलेली पेवे तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस. खाली-बाजूंनी पाला आणि गवताचे अस्तर, वर मातीने लिंपलेले तोंड. आत हवा नाही, म्हणून कीडही नाही. हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही, आतला दूषित वायू आधी निघून जाऊ द्यायचा, हे तिथला हमाल पुस्तक न वाचता जाणत असे. 1801 मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगलीत राजधानी केली, पुढे पेठ वाढली आणि वाई-कराडपासूनची हळद इथे उतरू लागली. पण पेव व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याला थांबणे परवडत नव्हते, कारण घरी सावकार बसलेला. सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दंग्यांनंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, नगर, सोलापूरबरोबर साताऱ्यालाही लागू झाला. आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवे तेव्हा साताऱ्यातच होते. न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला. कर्जाची गरज मात्र कायद्याने कशी संपणार?

पुढे 1916 मध्ये सांगली बँक निघाली. आणि 1952 च्या वायदे कायद्यानंतर इथल्या स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये पुढच्या महिन्यांचा भाव आजच ठरू लागला. माल पेवात, सौदा कागदावर! माझ्या मते खरे वळण हेच. थांबण्याची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येऊ लागली, अर्थात ज्याला वायदा कळतो त्यालाच.

2004 मध्ये एनसीडीईएक्स या देशव्यापी वायदे बाजारात हळद आली, पण कराराचे मूळ केंद्र निजामाबाद. पुढच्याच वर्षी महापुराचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि साठवण गोदामे-शीतगृहांकडे वळली. 2010 मध्ये क्विंटलचा दर पंधरा हजारांपलीकडे गेला, 2011 संपताना तो पाच हजारांच्या आसपास होता. चढत्या भावाला भुलून ज्यांनी लागवड वाढवली, त्यांना ही घसरण सोसावी लागली.

आज यार्डात सौदे निघतात तेव्हा राजापुरी हळदीच्या ढिगापाशी उभा शेतकरी मोबाइलवर निजामाबादचा वायदा पाहतो. आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये उसळते, आणि मार्चअखेर सोसायटीचा हप्ता भरायचा असतो. अडत्याकडून उचल आधीच घेतलेली असेल, तर वायदा काहीही सांगो, पोती त्याच दिवशी सुटतात.