प्रत आणि परत

घोडपदेवच्या रामभाऊ भोगले मार्गावर न्यू हिंद ही कापड गिरणी होती. आज त्या जागेवर म्हाडाच्या उंच इमारती दिसतात. भायखळा, माझगाव आणि कॉटन ग्रीनच्या मध्ये वसलेल्या या भागाचा दिवस एकेकाळी गिरणीच्या भोंग्यावर सुरू व्हायचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी कामगार, मदनपुऱ्यात स्थिरावलेले उत्तरेकडचे मोमीन विणकर, जवळच्या गोदीत राबणारे हमाल, अशी ही श्रमिकांची मुंबई होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या.

या इतिहासाचा मोबाइलमधल्या बॅकअपशी काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध फार जवळचा आहे.

गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे द्यायचे ठरले, तेव्हा पात्रतेची अट अशी होती की, कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. सुमारे दीड लाख अर्ज आले. प्रत्येकाला आपण कामगार होतो हे कागदाने सिद्ध करायचे होते. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब, सेवेचा दाखला, यांपैकी काहीतरी दाखवणे भाग होते. गिरणी तर बंद झालेली. टाइमकीपर आणि हजेरीबुके असलेली कचेरी उरलेली नव्हती. मालकाकडची प्रत नाहीशी झाल्यावर कामगाराच्या घरातल्या ट्रंकेत पडलेला पिवळा कागद हीच त्याच्या उभ्या आयुष्याची एकमेव नोंद ठरली. ज्याच्या घरच्यांनी तो जपला, त्याचा अर्ज पुढे सरकला. ज्याचा कागद पावसात भिजला किंवा खोली बदलताना हरवला, त्याला वीस-तीस वर्षांचा घाम गाळूनही सिद्ध काही करता येईना.

जून २०१२ मध्ये मुंबईत दोन घटना लागोपाठ घडल्या. २१ जूनला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून ती वरच्या मजल्यांवर पसरली, माणसे दगावली आणि हजारो फायली जळाल्या. ज्या विभागांनी कागद आधीच स्कॅन करून ठेवले होते, त्यांचे काम निभावले. बाकीच्यांना जिल्ह्याच्या आणि इतर कार्यालयांतल्या प्रती मागवून फायली पुन्हा जुळवाव्या लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली. एकीकडे राज्याच्या सर्वोच्च कार्यालयातले कागद राख झाले होते आणि दुसरीकडे चाळीतल्या ट्रंकेत जपलेल्या कागदावर घर मिळत होते. कागद किती मोठ्या इमारतीत आहे यावर त्याची सुरक्षितता ठरत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याची प्रत आहे का, यावर ती ठरते.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत घरे जळाली, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर रेशनकार्डे, शाळेचे दाखले आणि निकाहनामेही गेले. २६ जुलै २००५ च्या पुरात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि धर्म न विचारता सर्वांची कपाटे भिजली. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाच्या कायद्यावरून वादळ उठले, तेव्हा घराघरांत वडील-आजोबांचे कागद शोधले गेले. अनेकांनी त्या दिवसांत त्यांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवले. जुनी ट्रंक आता खिशात आली. प्रश्न मात्र तोच राहिला. मोबाइल लोकलच्या गर्दीत गेला, तर त्यातला कागद परत कुठून मिळणार?

हरवलेले ग्रंथ, परत मिळालेले ग्रंथ

माणसाने या प्रश्नाशी फार पूर्वीपासून झुंज दिली आहे. इस्लामी परंपरा सांगते की, यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर यांना काळजी वाटली. केवळ स्मरणावर विसंबून चालणार नाही म्हणून त्यांनी खलिफा अबू बकर यांना लेखी संकलनाचा आग्रह धरला. जैद बिन साबित यांनी ते काम केले. ती पाने पुढे हजरत हफसा यांच्याकडे राहिली. खलिफा उस्मान यांच्या काळात त्यांवरून प्रती तयार करून वेगवेगळ्या शहरांना पाठवण्यात आल्या. माणसांच्या छातीत एक साठा, कागदावर दुसरा आणि तोही अनेक शहरांत. एखादे शहर उद्ध्वस्त झाले तरी ग्रंथ बुडणार नव्हता.

महाराष्ट्रातले उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांनी त्या आठवून पुन्हा लिहिल्या. ग्रंथ परत मिळाला, पण एकाचे अनेक पाठ झाले आणि त्यांत फरक राहिले. आजच्या भाषेत सांगायचे तर रिस्टोअर झाले, पण हुबेहूब झाले नाही.

याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिल्या. पंथाबाहेरच्या कुणाच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती वाचता येत नसे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकात ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे आद्य मराठी गद्याचे हे भांडार बाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. तोवर जगाच्या दृष्टीने पोथ्या असून नसल्यासारख्या होत्या. कुलूप मजबूत असावे, पण किल्ली कुणाकडे आहे हेही ठाऊक असावे.

अगदी अलीकडे हाच धडा मराठवाड्याने पुन्हा गिरवला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. निजामाच्या राजवटीतले दफ्तर पाहण्यासाठी हैदराबाद गाठावे लागले. नोंदी सापडल्या तरी त्या मोडीत किंवा उर्दूत होत्या, म्हणून वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. म्हणजे प्रत शाबूत होती, पण तिच्यातून माहिती परत काढणारा माणूस दुर्मीळ झाला होता. प्रत असणे आणि ती परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्लाउड म्हणजे कुणाचे तरी घर

क्लाउड या शब्दाने आकाशातले काहीतरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती कंपन्यांची जमिनीवरची इमारत असते. तिच्यात संगणकांच्या रांगा, त्यांना गार ठेवणारी यंत्रणा आणि वीज गेली तर जनरेटर असतात. २००६ मध्ये ॲमेझॉनने आपली साठवणूक भाड्याने द्यायला सुरुवात केली. ॲपलचे आयक्लाउड २०११ मध्ये आले, गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आणि गूगल फोटोज २०१५ मध्ये. सुरुवातीला गूगलने फोटोंसाठी अमर्याद जागा फुकट दिली. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली. आता फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट मिळते, त्यापुढे भाडे. ही जागा भरली की बॅकअप थांबतो. मोबाइल तशी सूचना देतो, आपण ती बाजूला सारतो आणि सगळे काही वर जात आहे असे समजत राहतो.

इमारत म्हटली की आग आलीच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवलेले ८५८ टेराबाइटचे क्लाउड जळून गेले. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशात आपल्या मंत्रालयाचीच गोष्ट घडली.

आणखी एक गैरसमज घरोघरी आढळतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी त्याच ॲपमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, मग कायमचा नाहीसा होतो. दोन्हीकडे एकच चित्र राखणे म्हणजे सिंक. एकीकडचे पुसले तरी दुसरीकडचे टिकणे म्हणजे बॅकअप.

व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर आपल्या गूगल खात्यात जातो. नवीन मोबाइलवर तो परत घ्यायला तोच नंबर आणि तेच गूगल खाते लागते. आखातात नोकरीला गेलेला मुलगा नंबर बदलतो, दुकानदाराने उघडून दिलेल्या मेलचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो, आणि अब्बांच्या आवाजातले शेवटचे संदेश अडकून राहतात. २०२१ पासून हा बॅकअप एनक्रिप्ट करण्याची, म्हणजे कुलूपबंद करण्याची सोय आहे. ती चांगली आहे, पण पासवर्ड विसरला तर कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही. सकळ लिपी उलगडायला राजवाडे भेटले. इथे तसा कुणी भेटणार नाही.

मुकाबला

अरबी-फारसी हस्तलिखितांच्या जगात एक सुंदर रीत होती. नक्कल पूर्ण झाली म्हणून काम संपत नसे. नक्कल आणि मूळ ग्रंथ समोरासमोर ठेवून वाचले जात. याला मुकाबला म्हणत. जिथवर तपासणी झाली, तिथे समासात ‘बलग़’, म्हणजे ‘इथवर पोचलो’, अशी खूण करत. न तपासलेल्या प्रतीवर जाणकार विसंबत नसत.

मोबाइलच्या बॅकअपला आज हाच मुकाबला हवा. महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर किंवा संगणकावर आपले खाते उघडून पाहावे. आधार, शाळेचा दाखला, घराचा करारनामा दिसतो का, अक्षरे वाचता येतात का, नावाचे स्पेलिंग मूळ कागदाशी जुळते का, हे तपासून लगेच बाहेर पडावे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत क्लाउडमध्ये, एक पेनड्राइव्हवर आणि ती पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा गावी ठेवावी. खात्याचा कोड त्याच सिमवर येत असेल, तर मोबाइल हरवल्यावर दारही बंद होते. म्हणून गूगल जे बॅकअप कोड देते ते कागदावर लिहून जपावेत. कागदाला इतक्यात निरोप देऊ नये.

फोटो आणि दस्तऐवज यांतला फरकही ध्यानात ठेवावा. गॅलरीतला फोटो आठवणीला उपयोगी पडतो, कायद्यापुढे तो मूळ कागद ठरत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये सरकारी विभागाने थेट दिलेला दाखला मात्र मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपणच फोटो काढून त्यात चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही.

आणि वारस? गूगलचे खाते दोन वर्षे वापरले नाही तर कंपनी ते पुसू शकते. आपल्यामागे ते कुणाला मिळावे, हे आधी नोंदवून ठेवण्याची सोय गूगलमध्ये आणि ॲपलमध्येही आहे. वारसाहक्काचे बारीक हिशेब मांडणाऱ्या आपल्या समाजात ही नोंद किती जणांनी केली असेल?

गिरणी कामगारांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. २०२३ मध्ये म्हाडाने उरलेल्यांची पात्रता ठरवण्यासाठी मोहीम सुरू केली आणि कागदपत्रे ऑनलाइन मागवली. त्यातले अनेक कामगार आता हयात नाहीत. त्यांची मुले-नातवंडे चाळीस वर्षांपूर्वीचा तिकीट नंबर मोबाइलवरून सरकारकडे पाठवतात. ज्या आजोबांना सही करायला त्रास व्हायचा, त्यांनी तो कागद घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, कपड्यांच्या तळाशी ठेवला होता आणि घरात दोघांना तरी सांगून ठेवले होते की तो कुठे आहे. आपल्या मोबाइलमध्ये काय आहे आणि ते कुठून परत मिळेल, हे आपल्या घरात आज किती जणांना ठाऊक आहे?