तळातून वर आलेली पलटण

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा आठ संघांत पुणेरी पलटण आठवी आली. २०१५ सालीही आठवीच. ज्या महाराष्ट्राच्या मातीत हा खेळ वाढला, तिथल्या संघाची ही गत!

पुढे मोठी नावं आली, प्रशिक्षक बदलले, पण चषक हुलकावणी देत राहिला. खरा बदल झाला तो कोवळ्या पोरांवर विश्वास टाकल्यावर. २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे नवे चढाईपटू मैदानात उतरले. २०२२ साली प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तरीही घडी मोडली नाही. उलट बचावाला इराणचा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असं हरवून पलटणीनं पहिला चषक उचलला. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या गावांना हे ओळखीचं वाटेल. चांगला चढाईपटू नोकरीसाठी मुंबई गाठतो आणि मंडळाचा संघ उघडा पडतो. कोट्यवधी रुपये गावाकडे नसतात. पण संध्याकाळी मैदानावर येणारी पोरं असतात. उभारणी तिथूनच होते.