परीक्षेची धास्ती आणि मदतीचा हात

गावात एखाद्या घरचा मुलगा शहरातल्या कॉलेजातून मधेच परत येतो. जेवत नाही, रात्रभर जागा असतो, पुस्तक उघडले की छाती धडधडते म्हणतो. मग ओट्यावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, "आजकालची पोरं नाजूक. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." खरेच नव्हते काय? हा प्रश्न आपण इतिहासालाच विचारू या.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. १३२ विद्यार्थी बसले, पास झाले अवघे २२. म्हणजे ११० जण रिकाम्या हाताने घरी गेले. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. आपण आठवण ठेवतो ती यशस्वी झालेल्यांची. १८६२ साली पहिले चार बी. ए. झाले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर होते. पण त्या यशाचीही किंमत होती. विद्यार्थिदशेतल्या अतिवाचनाने रानड्यांचे डोळे अधू झाले, ते जन्मभर.

आता महर्षी कर्व्यांची गोष्ट घ्या. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कोकणातल्या मुरुडहून साताऱ्याला परीक्षेला निघाले. सुमारे ११० मैलांची वाट, पावसाचे दिवस, मधे सह्याद्रीचा घाट, आणि सारा प्रवास पायी. इतके करून साताऱ्याला पोचले, तर परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस." परीक्षेला बसूच दिले नाही! आल्या वाटेने माघारी फिरताना त्या मुलाच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. कर्वे स्वभावाने भिडस्त होते, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण मुरुडला त्यांच्या पाठीशी सोमण गुरुजींसारखा शिक्षक होता. कर्वे पुढे ती परीक्षा पास झाले, १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १८८४ साली बी. ए. झाले. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारा माणूस एकदा परीक्षेच्या दारातून परत फिरला होता, हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावे. लोकमान्य टिळकही एम. ए. च्या परीक्षेत नापास झाले होते, हेही सांगावे.

तेव्हा धास्ती नवी नाही. ती परीक्षेइतकीच जुनी आहे. आणि ती नुसती मनाची कल्पनाही नव्हे. याचा शोध अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात लागला. तेथे वॉल्टर कॅनन हे शरीरशास्त्रज्ञ भीतीने देहात काय बदल होतात याचा अभ्यास करीत होते. वैद्यकीच्या नऊ विद्यार्थ्यांची लघवी तपासण्यात आली. एरवी त्यात साखर नसे. कठीण परीक्षेनंतर मात्र चौघांच्या लघवीत साखर सापडली, सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. कॅनन यांनी हे १९१५ साली आपल्या ग्रंथात मांडले. याचा अर्थ असा, की रानात वाघ समोर आला म्हणजे पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी शरीर जी तयारी करते, तीच तयारी ते प्रश्नपत्रिकेपुढेही करते. फरक इतकाच, की परीक्षेच्या बाकावर पळताही येत नाही आणि झुंजताही येत नाही. हाताला घाम येतो, पोटात गोळा येतो, पाठ केलेले आठवत नाही. तो मुलगा ढोंग करीत नसतो.

मग मदतीचे काय? पूर्वी ती नशिबावर अवलंबून असे. सोमण गुरुजी भेटले तर भेटले. पुढे जगाने त्याची व्यवस्था करायला घेतली. १९१० साली अमेरिकेतच, प्रिन्स्टन येथील विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्वतंत्र सोय सुरू झाली. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची खेड्यातली मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. परगावी एकटा पडलेल्या मुलाला सोबत मिळाली, हे औषध लहान नव्हे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि समुपदेशन मिळावे असे सुचविले. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही दूरध्वनी-सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला, की मनातली अडचण मराठीतूनही सांगता येते. पैसे पडत नाहीत.

पण व्यवस्था असली तरी दार आपणच ठोठवावे लागते. कॉलेजात शिकवताना मी पाहतो, की घाबरलेला मुलगा शंका विचारायला येत नाही. तो वर्गात यायचाच बंद होतो. म्हणून शिक्षकमित्रांनो, गैरहजर मुलाला दंड करण्यापूर्वी एकदा जवळ बोलावून विचारा, "बाळ, झोप लागते का?" आईबापांनी मार्कांच्या आधी जेवणाची चौकशी करावी. आणि विद्यार्थ्यांनो, अभ्यास डोंगराएवढा दिसू लागला तर त्याचे रोजचे तुकडे पाडा, रात्रीची झोप मोडू नका, आणि एका तरी विश्वासाच्या माणसाला मनातले सांगा. दोन आठवडे झोप-जेवण बिघडले, किंवा जीव नकोसा वाटला, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठा.

पाय मुरगळला तर आपण दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून चालतो. त्यात लाज वाटत नाही. मन मुरगळले तर तरी का वाटावी?