‘गॅप’ नावाचे दुखणे

माझ्या मावशीने चौदा वर्षे जमिनीवर मांडी घातली नाही. एका सकाळी कळशी उचलताना कमरेत उसण भरली, फोटो निघाला, एमआरआय झाला आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य घरात शिरले. पाठोपाठ कमरेचा पट्टा आला. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, खाली बसायचे नाही, अशी बंधने आली. उसण पंधरा दिवसांत उतरली, पट्टा मात्र राहिला. भजनी मंडळात ती खुर्चीवर बसू लागली आणि पुढे जायचीच थांबली.

या सल्ल्यामागचा पूर्वपक्ष असा : बिघाड तिथे वेदना; बिघाड मोठा तर वेदना मोठी; बिघाड फोटोत दिसतो; म्हणून दुखरा भाग हलवू नये. हा पक्ष मूर्खपणाचा मुळीच नाही. हाड मोडले की दुखते आणि प्लास्टर घातले की ते सांधते, हा सर्वांचा अनुभव आहे. शिवाय त्यामागे देकार्तसारखा तत्त्वज्ञ उभा आहे. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली फ्रेंचमध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय नेलेल्या माणसाचे चित्र आहे. पायाला चटका बसतो, आतली दोरी ओढली जाते आणि मेंदूत जणू घंटा वाजते. आपल्या दवाखान्यांतली बरीचशी समजूत अजून त्या दोरीलाच धरून आहे.

आपल्या नैयायिकांनी अशा विधानाला पहिला प्रश्न व्याप्तीचा विचारला असता. धुरामागे अग्नी असतोच, तशी वेदनेमागे इजा असतेच का? आणि इजा असली की वेदना होतेच का? दोन्हीकडे व्यभिचार, म्हणजे नियमाला अपवाद, सापडतो.

२०१५ साली ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी तेहतीस अभ्यासांतल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र केल्या. या लोकांची पाठ दुखत नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. गादी फुगल्याचे प्रमाण पन्नाशीत ६० टक्के होते. म्हणजे पन्नाशीच्या मावशीच्या एमआरआयमध्ये जे दिसले, ते पाठ न दुखणाऱ्या तिच्या बहुतेक मैत्रिणींच्याही एमआरआयमध्ये दिसले असते. केस पांढरे झाल्याचा रिपोर्ट आपण कोणाच्या हातात ठेवत नाही. आणि ‘गॅप’ हा शब्द तर वस्तुस्थितीच उलटी करतो. दोन मणक्यांत अंतर असायलाच हवे, कारण तिथे गादी असते. वयानुसार ते कमी होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र सांधा निखळलेला, कधीही कोसळेल असा कणा उभा राहतो.

इजा असून वेदना नसल्याचा आणखी पुरावा युद्धातला आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने २१५ गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवे का, असे विचारले. सुमारे तीन-चतुर्थांश नको म्हणाले. उलट बाजूचा, इजेवाचून वेदनेचा पुरावाही आहे : १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका बांधकाम मजुराची हकीकत आली. बुटातून आरपार गेलेल्या पंधरा सेंटिमीटरच्या खिळ्यामुळे तो इतका विव्हळत होता की त्याला तीव्र औषधे द्यावी लागली. बूट काढला तेव्हा खिळा बोटांच्या मधून गेलेला निघाला. पायाला ओरखडाही नव्हता.

मग वेदना म्हणजे काय? मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये असा सिद्धांत मांडला की शरीरातून आलेला संदेश मज्जारज्जूतच कमीजास्त केला जातो आणि त्यात मेंदूचाही हात असतो. ठेच लागली की आपण जागा चोळतो, त्याने आराम पडतो, तो यामुळेच. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच अधिक संवेदनशील होतो. जखम भरल्यावरही साधा स्पर्श, साधे वाकणे दुखू शकते. ‘हे धोक्याचे आहे’ असा मज्जासंस्थेचा निवाडा म्हणजे वेदना. आणि चौदा वर्षे रोज पट्टा आवळला की तो निवाडा रोज कायम होतो.

इथे उतावीळ वाचक म्हणेल, ‘म्हणजे सगळे मनाचे खेळ!’ हा उत्तरपक्ष नव्हे, आणि दुखणाऱ्या माणसावर, विशेषतः बाईवर, याहून मोठा अन्याय नाही. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनने ज्यांना आराम पडला होता, त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर वेदना वाढली. नॅलॉक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते. म्हणजे विश्वासाने आलेला आराम शरीरातल्या रसायनांनीच घडवला होता. वेदना खरी, आरामही खरा.

राहिला विश्रांतीचा मुद्दा. १९९५ साली हेलसिंकीत कंबर धरलेल्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले : दोन दिवस अंथरुणात पडून राहणारे, कमरेचे व्यायाम करणारे आणि झेपेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत, पाठदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना हळूहळू चालणे वाढवायला शिकवले, त्यांचे दुखणे उलटायला साधारण २०८ दिवस लागले. इतरांना ११२.

फोटो कधीच काढू नये, असे माझे म्हणणे नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरता, पायातली ताकद कमी होणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठा अपघात यांपैकी काही असेल तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. तिथे तपासणी जीव वाचवते. अशा खुणा नसलेल्या पाठी मात्र कितीतरी जास्त असतात.

अशा पाठींच्या रिपोर्टात ‘हे या वयात सामान्य आहे’ अशी ओळ छापली की भागेल, असे मलाही वाटायचे. अमेरिकेत अडीच लाख रुग्णांच्या एका चाचणीत तसे करून पाहिले. उपचारांच्या एकूण प्रमाणात फरक पडला नाही. कागदाने घातलेली भीती कागदाने निघत नाही. ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका चाचणीत ४९२ जणांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांना फिजिओथेरपिस्टने समोर बसवून, ज्या हालचालीची धास्ती होती तीच थोडी थोडी करायला लावली. त्यांना झालेला फायदा वर्षभरानंतरही टिकला होता.

मावशीला आमच्या गावातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्या दिवशी फक्त जमिनीवर पडलेला रुमाल उचलायला सांगितला. मावशीने आधी पट्टा घट्ट केला. मुलगी म्हणाली, ‘मावशी, तो काढून ठेवा, मी इथेच उभी आहे.’ रुमाल उचलायला मावशीला पाच मिनिटे लागली, आणि मग तिने तो पुन्हा खाली टाकला, पुन्हा उचलण्यासाठी.