एक लाइक, एक पोस्ट आणि कलम २९५-अ

आजचा भाग एका कलमाबद्दल आहे. बातम्यांत आपण सारखं ऐकतो, "धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल." हे कलम आलं कुठून, त्यात नेमकं लिहिलंय काय आणि प्रत्यक्षात ते चालतं कसं, एवढंच आज बघू. मी वकील नाही. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा पोरगा, पुण्यात कोड लिहितो. पण ज्याच्या फोनवर दिवसाला पन्नास फॉरवर्ड येतात, त्याला हे माहीत असलंच पाहिजे असं मला वाटतं.

सुरुवात पालघरपासून. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि अटक झाली या दोघींना! सुरुवातीला लावलेलं कलम होतं २९५-अ. आता गंमत बघा, त्या पोस्टमध्ये धर्माचं नावच नव्हतं. मग कलम बदललं, आयटी कायद्याचं ६६-अ सुद्धा लागलं. पुढे केस बंद झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले. याच प्रकारानंतर ६६-अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. २९५-अ मात्र राहिलं.

आता मागे जाऊ. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, इंग्रजांनी राजद्रोहाचं कलम आणखी घट्ट केलं आणि त्याच दुरुस्तीत नवं १५३-अ आणलं. दोन समाजांत वैर पसरवणं हा गुन्हा झाला. म्हणजे सरकारविरुद्ध बोलणं आणि एकमेकांविरुद्ध बोलणं, दोन्हींवर लगाम एकाच वेळी आला.

२९५-अ ची गोष्ट लाहोरची. तिथे १९२४ मध्ये पैगंबरांवर एक हिणकस पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर १५३-अ खाली खटला चालला. १९२७ मध्ये हायकोर्टाने त्यांना सोडलं. मुद्दा असा की हे कलम समाजांमधल्या वैराबद्दल आहे, दिवंगत धर्मपुरुषावरची टीका त्यात बसत नाही. लोक खवळले आणि त्याच वर्षी २९५-अ आलं. तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात मुंबईचे प्रतिनिधी होते बॅरिस्टर जीना. १९१६ मध्ये टिळकांचा खटला लढलेले तेच. त्यांनी कायद्याला पाठिंबा दिला, पण धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्याला संरक्षण हवं, असंही बजावलं. कायदा आला तरी १९२९ मध्ये राजपाल यांचा खून झालाच.

आता कलम वाचू. आमच्या भाषेत सांगायचं तर ही एक इफ कंडिशन आहे आणि सगळ्या अटी 'अँड'ने जोडलेल्या आहेत. कृती जाणूनबुजून हवी, आणि द्वेषबुद्धीने हवी, आणि एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना भडकवायच्या हेतूने धर्माचा अपमान हवा. एक अट जरी फेल गेली तरी गुन्हा नाही. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम कायम ठेवलं ते याच आधारावर. नकळत, निष्काळजीपणे झालेला अपमान यात येत नाही.

मग 'भावना दुखावल्या' हे मोजायचं कुणाच्या भावनांवरून? याचं उत्तर आपल्या नागपूरने दिलंय. तिथल्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आसपास सांगितलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून तोलायचा, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्याच्या नाही. 'तमस' मालिकेविरुद्ध लोक कोर्टात गेले तेव्हा, १९८८ मध्ये, सुप्रीम कोर्टाने हाच काटा वापरला.

एवढा चांगला कायदा, मग अडतं कुठे? पुण्यातच बघा. २००३ मध्ये जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक आलं. त्यातल्या काही मजकुरावरून संताप उसळला. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. तरीही ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, दुर्मीळ ग्रंथांची नासधूस झाली. त्यानंतर १५३-अ खाली लेखकावर गुन्हा नोंदला गेला, पुस्तकावर बंदी आली. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुन्हा रद्द केला, हायकोर्टाने बंदी उठवली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेही सरकारला विचारलं की कुठल्या दोन समाजांत वैर पसरलं? आदेशात त्यांची नावंच नव्हती. आणि हल्ल्याच्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले.

दुसरी गोष्ट सांगताना आवाज जड होतो. जून २०१४ मध्ये महाराजांची आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली. पुणे पेटलं. हडपसरमध्ये सोलापूरचा एक तरुण नमाज पढून परतताना जमावाच्या हाती सापडला आणि मारला गेला. आयटीत काम करायचा, माझ्यासारखाच. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातलेही आरोपी सुटले.

पालघर आणि हडपसर शेजारी ठेवा. एकीकडे निरुपद्रवी वाक्यासाठी अटक, दुसरीकडे खुनासाठी कुणालाच शिक्षा नाही. २९५-अ मध्ये कोर्टाने खटला दाखल करून घ्यायला सरकारची परवानगी लागते, पण अटकेला लागत नाही. म्हणजे 'इफ' तपासण्याआधीच शिक्षा रन होते. आणि पोलीस बऱ्याचदा शब्दांऐवजी बाहेरची गर्दी मोजतात. गर्दी मोठी तर गुन्हा मोठा!

माझं मत? कलम रद्द करा, असं मी म्हणणार नाही. शब्दांनी घरं जळतात, हे आपण पाहिलंय. पण भडकवणं वेगळं आणि चिकित्सा वेगळी. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्या तालुक्यातून जाते. ढोंगी साधूंना तुकोबांनी जे सुनावलं ते आज कुणी पोस्ट केलं, तर तक्रार व्हायला वेळ लागणार नाही. श्रद्धेचं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य, कलम २५ आणि १९, एकाच राज्यघटनेत आहेत. दोन्ही एकाच माणसाला लागतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९५-अ चं २९९ झालंय आणि १५३-अ चं १९६. आकडे बदलले, प्रश्न तोच. गावच्या ग्रुपवर पुढचा फॉरवर्ड आला की एवढंच विचारा, यात कुणाच्या विचारावर टीका आहे की कुणाला धडा शिकवा असं सुचवलंय? दुसरं असेल तर तिथेच थांबवा. पहिलं असेल तर उत्तर द्या, पोलीस स्टेशन गाठू नका.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!